रेटिंगच्या रकान्यातलं शंभर

या अंकाचे संपादक गेली चार वर्षं गणपतींचं विसर्जन झालं की मला फोन करतात. दरवर्षी मी त्यांना गिरणीतल्या गमती लिहून देतो. घड्याळाला हार घालणारा शिपाई, भोंगा वाजला की झोपेतच चपला शोधणारा मुकादम, असं काहीबाही. वाचकांना आवडतं, चार पत्रं येतात. त्यातलं काही खोटं नाही. पण जे लिहायला हवं होतं ते लिहावं लागू नये म्हणून मी ते सगळं लिहीत होतो, हे आज कबूल करतो.

कारण भीतीचं. आधी नोकरीची भीती, मग चाळीची, नंतर मुलांसमोर उघडं पडण्याची. आता ज्यांना भ्यायचं ती माणसं राहिलेली नाहीत, तरी भीती जागची हललेली नाही. हे लिहितानाही मी दाराकडे पाठ करून बसलेलो नाही.

यंदा मार्चमध्ये दादरच्या एका कॉलेजात मला बोलावलं होतं. व्यवस्थापनाच्या पुस्तकांचं वाचन कसं करावं, आणि वर चढताना आपली सचोटी कशी सांभाळावी, यावर बोलायचं होतं. हा माझा हातखंडा विषय. मी तासभर बोललो. शेवटी एका मुलीनं उभं राहून विचारलं, ‘‘सर, तुम्ही कधी स्वतःच्या तत्त्वांशी तडजोड केलीत का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. श्रीफळ माझ्या हातून निसटलं, तेव्हा प्राचार्यांनी खुर्ची मागवली. त्यांना वाटलं, वय झालं.

ते ‘नाही’ परत घेण्यासाठी हे लिहितो आहे.

*

परळच्या एका कापडगिरणीत मी टाइम-स्टडी क्लार्क होतो. ऐकायला मोठं वाटतं, पण काम एवढंच: माणूस काम करतो आणि आपण त्याच्याजवळ उभं राहून त्याला किती वेळ लागतो ते मोजायचं. हातात एक लाकडी पाटी. तिच्या वरच्या कोपऱ्यात थांबतं घड्याळ, म्हणजे स्टॉपवॉच, स्क्रूनं बसवलेलं, खाली कागद. कामाचे बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाची वेळ लिहायची.

पण नुसत्या घड्याळावर विसंबून भागत नाही. कोणी मुद्दाम रेंगाळतो, कोणी घाबरून भरभर करतो. म्हणून कागदावर एक रकाना असतो, रेटिंगचा. सर्वसाधारण चांगला कामगार ज्या वेगानं दिवसभर काम करू शकेल, तो वेग म्हणजे शंभर. माणूस त्याहून जोरात धावत असेल तर एकशेवीस, एकशेतीस. रेंगाळत असेल तर ऐंशी. मग त्या आकड्यानं घड्याळातली वेळ दुरुस्त करायची, धावणाऱ्याची वाढवायची, रेंगाळणाऱ्याची कमी करायची, आणि त्यावरून एका माणसानं किती काम करावं ते ठरायचं. घड्याळ कारखान्यातून तपासून येतं. हा एक रकाना मात्र बघणाऱ्याच्या नजरेवर आणि इमानावर सोडलेला असतो.

घड्याळ दिसलं की माणसं बदलत. एक म्हातारा तेलवाला मी जवळ गेलो की काम सोडून हात जोडून उभा राही. त्याला वाटे, मी त्याचं आयुष्य मोजतोय. वाइंडिंग खात्यातल्या एक बाई मोठ्या फटकळ. म्हणाल्या, ‘‘इथलं मोजतोस ते मोज बाबा. पण पहाटे चारला नळावर येऊन पण मोज एकदा. तो कागद माझ्या नवऱ्याला दाखवायचाय.’’ मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

हे काम मला मिळालं ते अर्जुनकाका परबांमुळे. लालबागच्या चाळीत आमची खोली आणि त्यांची खोली शेजारी. काका मालवणकडचे, साळखात्यात म्हणजे विणाईत अठ्ठावीस वर्षं काढलेले. दोन माग सांभाळायचे. मूलबाळ नव्हतं. चाळीच्या भजनात पखवाज वाजवायचे, आणि लहानपणापासून मला ‘झिला’ म्हणायचे. मालवणीत झील म्हणजे मुलगा.

त्या काळी गिरणीत चिकटायचं तर आतल्या कुणीतरी शब्द टाकावा लागे. ज्यानं शब्द टाकला, तो जन्मभर तुमच्याबद्दल जबाबदार. तुम्ही चोरी केलीत तर मान त्याची खाली, तुम्ही पुढे गेलात तर छाती त्याची. मी मॅट्रिक झालो तेव्हा काका इस्त्रीची टोपी घालून हेडक्लार्कसमोर उभे राहिले. ‘‘आमच्या चाळीतलो पोर. माझो शब्द,’’ एवढंच म्हणाले. बाहेर येऊन मला सांगितलं, ‘‘माझ्या शब्दावर लागलंस. आता माझी इज्जत तुझ्या हातात.’’ थट्टेत म्हणाले. पण थट्टा नव्हती.

साळखात्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. शेकडो माग एकदम चालू असले की तिथे कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्यामुळे साळवाले तोंडानं बोलत पण आवाज काढत नसत. नुसते ओठ हलवत. खात्याच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाचे ओठ वाचून घरच्या गोष्टी करी, शिव्या देई, जेवणाला काय आणलंय ते विचारी. काकांची नजर याबाबतीत सगळ्यांत तेज. मीही रोज तिथे उभा राहून थोडंफार शिकलो.

*

आमचे एफिशियन्सी ऑफिसर सबनीससाहेब. माझं वाचन त्यांनी घडवलं.

ते गिरगावात राहत. बाहेरच्या खोलीत एक काचेचं कपाट, इंग्रजी पुस्तकांनी भरलेलं. कामाची आखणी, देखरेख, हाताखालच्या माणसांशी वागणूक, कचेरीची व्यवस्था. अशा विषयांवर पुस्तकं असतात हेच मला माहीत नव्हतं. दर रविवारी सकाळी मी ट्रामनं गिरगावात जायचो, एक पुस्तक परत करायचो, दुसरं घ्यायचो. आठवडाभर चाळीच्या गॅलरीत डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचो आणि दोनशे पानी वहीत मराठीत टिपणं काढायचो. काका कामावरून आले की थांबून बघत. ‘‘वाच, वाच. आमी कापड काढलां, तू सायब हो.’’

साहेबांची एक रीत होती. पुस्तक परत घेताना ते विचारत, ‘‘नार्वेकर, यात तुला काय खटकलं?’’ मी ‘काही नाही’ म्हटलं की म्हणत, ‘‘मग वाचलंच नाहीस. घेऊन जा परत.’’ आज मी वाचनावर जे काही बोलतो, त्यातला चांगला भाग या एका प्रश्नातून आलेला आहे.

साहेब वाईट माणूस नव्हते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तापलेली होती. शिवाजी पार्कवरच्या सभांना ते धोतर नेसून जात आणि सोमवारी घसा बसवून येत. आणि त्याच सोमवारी दोन मागांऐवजी तीन माग एका माणसाला कसे देता येतील याची योजना मांडून बसत. त्यांना यात विसंगती दिसत नसे. मलाही दिसली नाही. गिरण्या टिकल्या तर मुंबई टिकेल, असं ते म्हणत.

वेळ मोजण्यावरचं एक जाड पुस्तक मी दोनदा वाचलं. त्यातली माझी टिपणं अजून माझ्यापाशी आहेत. ज्याचं काम मोजायचं त्याला आधी सांगावं, कशासाठी मोजतोय ते. फार तरबेज माणूस निवडू नये. रेटिंग काम बघतानाच जागच्या जागी लिहावं. मागाहून लिहिलं की माणूस सोयीचं लिहितो. या शेवटच्या वाक्याखाली मी शाईनं दोन रेघा मारल्या होत्या.

*

‘‘पहिला अभ्यास अर्जुन परबचा घेऊ,’’ साहेब म्हणाले. ‘‘खात्यात त्याच्यासारखा हात नाही.’’

पुस्तक नेमकं उलट सांगत होतं. मी म्हटलं, ‘‘साहेब, ते...’’

‘‘काय ते?’’

‘‘माझे शेजारी आहेत.’’

‘‘उत्तमच. बुजणार नाही.’’

त्या संध्याकाळी मी काकांच्या खोलीत गेलो. काकी चुलीशी होत्या. मी म्हणालो, ‘‘काका, उद्यापासून दोन दिवस मी घड्याळ घेऊन तुमच्या मागावर येणार. नेहमीसारखं काम करा.’’

‘‘कित्याक रे?’’

तीन मागांची योजना आहे, हे मला ठाऊक होतं. तिसरा माग दिला की खात्यातला दर तिसरा माणूस जादा ठरणार, हेही ठाऊक होतं. कशासाठी मोजतोय ते सांगावं, हे माझ्याच अक्षरात वहीत लिहिलेलं होतं. मी म्हणालो, ‘‘साहेब माझं काम बघणार आहेत. मला असिस्टंट करायचं की नाही, ते त्यावर ठरेल.’’

यात एक शब्द खोटा नव्हता. साहेब खरंच मागे उभे राहणार होते, आणि माझी असिस्टंटची जागा खरंच त्यावर ठरणार होती.

काका काकींकडे वळले. ‘‘आयकलंस? झिलाची परीक्षा आसा.’’

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दोन मागांच्या मध्ये उभा राहिलो आणि घड्याळाचं बटण दाबलं. असं काम मी पुन्हा कधी पाहिलं नाही. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपायच्या आत त्यांचा हात तयार. माग थांबवला, धोटा काढला, भरलेली कांडी बसवली, धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओढला, माग चालू. आकडा लिहायला मला वेळ पुरत नव्हता. ताण्याचा धागा तुटला की डोळ्यांआधी बोटं तिथे. चहाला गेले नाहीत. दुपारी चार घास उभ्यानं खाल्ले. सदरा पाठीला चिकटलेला, कानशिलाची शीर टरारलेली, आणि मधूनच माझ्याकडे बघून ओठ हलवत: ‘‘बरां चल्लां मां?’’

अठ्ठावीस वर्षं ते असे धावले असते तर कधीच मेले असते. हे कळायला पुस्तक लागत नव्हतं. मी पहिल्या कागदावर रेटिंगच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं: एकशेतीस.

जेवणाच्या सुट्टीनंतर साहेब येऊन माझ्या मागे उभे राहिले. मला त्यांचा श्वास मानेवर जाणवत होता. एकशेतीस लिहिलं की वेळ वाढणार, वेळ वाढली की तीन मागांचं गणित बसणार नाही. योजना गेली, तिच्याबरोबर माझी जागा गेली. शिवाय उगाच मनात आलं, माझ्याच शेजाऱ्याला मी आधी शिकवून ठेवलं, असं साहेबांना वाटलं तर? साहेब पलीकडच्या मागाकडे वळले तेव्हा मी खोडरबर काढलं आणि त्या जागी शंभर लिहिलं. मग दोन दिवस प्रत्येक कागदावर शंभरच लिहीत गेलो. पहिल्यांदा हात अडखळला. नंतर अडखळलाही नाही.

साहेबांच्या टेबलावर कागद ठेवले.

‘‘परब रोज असंच काम करतो? तू ओळखतोस त्याला.’’

‘‘हो साहेब.’’

त्यांनी कागद उलटले. पहिल्या कागदावर, खोडलेल्या जागी त्यांचं बोट क्षणभर थांबलं. मग नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, ‘‘काही खटकलं?’’

दर रविवारी विचारत तोच प्रश्न. आज वाटतं, त्यांनी दार उघडून धरलं होतं. तेव्हा वाटलं, पकडलो गेलो.

‘‘नाही.’’

त्यांनी कागद नीट जुळवले. मग सही केली.

त्या संध्याकाळी काका दारात उभे. हातात मालवणी खाज्याचा पुडा.

‘‘पास झालंस मां?’’

‘‘झालो, काका.’’

‘‘बघ! दोन दिस मुताक पन गेलंय नाय रे,’’ ते म्हणाले आणि इतके हसले की काकी लाजून आत गेल्या.

*

महिन्याभरानं नोटीस लागली. साळखात्यात माणशी तीन माग. आधी बदली कामगारांना घरी बसवलं, मग कायमवाल्यांच्या याद्या निघाल्या. अभ्यास कुठल्या मागांवर झाला ते नोटिशीत होतं, आणि कुठले माग कुणाचे हे खात्यात सगळ्यांना पाठ होतं.

युनियनचा दगडू चव्हाण घाटावरचा, आडदांड, पण सरळ माणूस. त्यानं मला गेटवर गाठलं.

‘‘क्लार्क, कागद तू भरलास. परब रोज आसा पळतो व्हय रं?’’

‘‘घड्याळात दिसलं ते मी लिहिलं.’’

‘‘म्हंजी त्योच पळाला. मालकानं काय दिलं आसंल त्याला?’’

मी पाटी या हातातून त्या हातात घेतली. दगडूनं थुंकून टाकलं. माझ्यावर नव्हे. क्लार्क म्हणजे सांगितलेलं लिहिणारा, त्याला कोण धरतो? आपल्या भावांच्या पोटावर पाय देऊन मालकासाठी धावणारा माणूस, तो वेगळा.

काकांना सगळं कळलं तेव्हा ते गॅलरीत माझ्याजवळ येऊन बसले. माझ्या मांडीवर पुस्तक होतं.

‘‘झिला, एक सांग. मी रोज असो धावणंय नाय, ह्यां तू सायबाक सांगितलंस मां?’’

तोवर मी केलं ते भीतीपोटी केलं असं म्हणता येईल. पण तिथे साहेब नव्हते, दगडू नव्हता. काका होते. खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या आणि मग उठून माझ्याबरोबर साहेबांकडे आले असते. तरीही मी म्हणालो,

‘‘सांगितलं, काका. त्यांनी ऐकलं नाही.’’

त्यांनी सुस्कारा सोडला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘मगे तुझो काय दोष? कोणाक सांगा नको हां, मी तुझ्यासाठी धावलंय म्हणान. उगाच तुझ्या नोकरीवर येयत.’’

त्यांनी खरोखरच कुणाला सांगितलं नाही. दगडूलाही नाही, चाळीतल्या कुणालाही नाही.

*

त्या दिवसांत मुंबईत हरताळ पडत. संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ म्हणजे लालबाग-परळमध्ये एक भोंगा वाजायचा नाही. रस्त्यावर दगडांचा खच, नाक्यावर पोलिसांच्या लॉऱ्या, अश्रुधुरानं डोळे चुरचुरत. चाळीच्या जिन्यात ओल्या फडक्यांच्या बादल्या ठेवलेल्या. मुंबई आपल्याला मिळणार की नाही, या एका गोष्टीसाठी माणसं गोळीला छाती देत होती. अशा दिवशी कामावर जाणारा माणूस घरचा राहत नसे.

मी गेलो. साहेबांचा निरोप होता, कागद तातडीनं मुख्य कचेरीत पाठवायचेत, मागच्या दारानं ये. माझं असिस्टंटचं पत्र टाइप व्हायला गेलं होतं. मी गेलो.

दुपारी परतताना पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून सदऱ्याखाली पोटाशी धरली होती. उरलेलं गणित घरी करायचं होतं. चाळीच्या गल्लीच्या तोंडाशी दगडू आणि सात-आठ साळवाले उभे. त्यांच्यातले निम्मे याद्यांमध्ये नाव आलेले. परत फिरावं तर मागे पोलिसांची लॉरी. मी चालत राहिलो.

‘‘क्लार्क. कुठनं आलास?’’

‘‘असाच... बाहेर.’’

‘‘पोटाशी काय हाय?’’

कुणीतरी सदरा ओढला. पाटी खाली पडली, कागद फाटला, घड्याळ दिसलं. एकानं रस्त्यावरचा दगड उचलला. तो मी पाहिला: काळा, एका बाजूला डांबर लागलेला.

‘‘ती पाटी माझी.’’

काका गल्लीतून येत होते. डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बादली. बादली खाली ठेवून ते सरळ मधे आले.

‘‘मी गेल्लंय गिरणीत. सायबान बोलावल्यान म्हणान. पाटी सायबानच दिल्यान. ह्यो पोर माका परत आणूक इलो.’’

दगडू त्यांच्याकडे बघत राहिला. ‘‘परब, हरताळाच्या दिशी? आज?’’

‘‘गेल्लंय,’’ काका म्हणाले. ‘‘चुकलां.’’

दगडूनं हात उगारला नाही. त्यानं काकांच्या डोक्यावरची टोपी काढली, शांतपणे गटारात टाकली आणि माणसांना घेऊन निघून गेला. ज्याच्या हातात दगड होता, त्यानं तो जाताना काकांच्या पायाशी ठेवला. फेकला नाही. ठेवला.

मी काय केलं? मी जिना चढून पळालो आणि आतून कडी लावली.

अर्ध्या तासानं काकांनी दार वाजवलं. बोडक्या डोक्यानं उभे. पाटी पंच्यानं पुसून आणली होती. ‘‘ह्यां घड्याळ बंद कर आधी,’’ ते म्हणाले. ‘‘मघापासून पळता हा.’’ पडताना बटण दाबलं गेलं असावं. मी ते बंद केलं. काटा कुठे थांबला ते बघायचं धाडस झालं नाही.

*

आतापर्यंत संशय होता, त्या दिवसापासून पुरावा झाला. भजनाला काकांना बोलावणं येईना. पखवाजाला दुसरा माणूस आणला. पण खरी शिक्षा साळखात्यात झाली. जिथे बोलणं म्हणजे ओठ बघणं, तिथे बहिष्कार फार सोपा असतो. काका आले की माणसं तोंड फिरवत. ओठच दिसले नाहीत, की शेकडो मागांच्या गदारोळात माणूस एकटा. मी पाटी घेऊन खात्यातून जाई तेव्हा काकांची नजर या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर फिरताना दिसे, कुणाचे तरी ओठ शोधत. माझ्यावर येऊन थांबली की मी कागदाकडे बघे. मला भीती वाटे, माझे ओठ आपोआप खरं बोलतील.

पाच-सहा महिन्यांनी काकांनी राजीनामा दिला. मी तोवर असिस्टंट झालो होतो. त्यांच्या राजीनाम्याचा कागद माझ्याच टेबलावरून पुढे गेला.

पुढचं थोडक्यात. मी चढत गेलो. सबनीससाहेबांनंतर त्यांच्या खुर्चीत बसलो, मग दुसऱ्या कंपन्यांत गेलो. वाचन सोडलं नाही. हाताखालच्या मुलांना एकच गोष्ट घोकवली: रेटिंगच्या रकान्यात खोटं लिहू नका. कुणी लिहिलेलं सापडलं तर मी फार कडक वागायचो. एका मुलाला मी काढलंसुद्धा. माझ्या सचोटीचं नाव झालं ते असं.

पुस्तकांना दोष देऊ नका, हे त्या कॉलेजातल्या मुलीला सांगायचं आहे. कारण सांगणं, माणूस निवडणं आणि रेटिंग लिहिणं, या तीनही बाबतींत पुस्तकानं मला आधी सावध केलं होतं. मी वाचलं होतं, टिपलं होतं, खाली रेघाही मारल्या होत्या. आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर: हो. एकदा. मग ती एकदाच केलेली तडजोड लपवण्यासाठी पुढे रोज.

काका-काकी गावाला निघाले तेव्हा भाऊच्या धक्क्यावर पोचवायला चाळीतून कुणी आलं नाही. मी एकटा होतो. ट्रंक, वळकटी, आणि गोधडीत गुंडाळलेला पखवाज मी बोटीवर चढवून दिला. वाटेत तीनदा तोंड उघडलं. एकदा हमाल मधे आला, एकदा काकींनी तिकिटं विचारली. तिसऱ्यांदा मधे कुणीच आलं नाही.

खाली उतरलो. बोटीचा भोंगा झाला, दोर सुटले. धक्क्यावर एकच कल्लोळ. शेजारच्याचं शेजाऱ्याला ऐकू येत नव्हतं. काका कठड्याशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. मला स्वच्छ वाचता आलं.

‘‘काय म्हणतंस?’’

माझं तोंड उघडंच राहिलं असावं.

माझ्या लक्षात आलं. आवाज काढायचीसुद्धा गरज नव्हती. नुसते ओठ हलवायचे. त्या हजार माणसांत फक्त एका माणसाला कळलं असतं, आणि तो अठ्ठावीस वर्षांच्या सरावानं एकेक अक्षर वाचणार होता. यापेक्षा सुरक्षित कबुली जगात कुणाला मिळाली नसेल. पाणी रुंद होत होतं. काका कठड्यावर वाकून माझ्या तोंडाकडे बघत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याशी ओठांनी बोलणार होतं.

मी ओठ हलवले: ‘‘पत्र पाठवा.’’

त्यांनी मान डोलावली. मग त्यांचे ओठ पुन्हा हलले: ‘‘भियाव नको.’’ आणि बोट वळली.

दोन पावसाळ्यांनंतर काकींनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं. काका गेले होते.

अजूनही सकाळी दाढी झाली की मी आरशासमोर उभा राहतो आणि आवाज न काढता म्हणतो: काका, मी साहेबांना सांगितलं नव्हतं. एकशेतीस होतं, मी शंभर लिहिलं. मला माफ करा.

सावकाश म्हटलं तरी आठ सेकंदांच्या वर लागत नाहीत. बोट त्याहून किती तरी जास्त वेळ समोर होती.